विचारावे कोणाला?

(लिनक्सच्या मॅन्युअलविषयी थोडेसे)

संगणक वापरणे निराळे आणि संगणक सांभाळणे निराळे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतील संगणक आपण वापरतो. तो अडला तर तेथील सहायकांना हाक मारतो. परंतु आपल्या खोलीवरच्या संगणकावर ज्याने लिनक्स घातले, त्याला ही सोय उरत नाही. नवे पॅकेज घालणे, प्रिंटर जोडणे, जादा हार्ड डिस्क बसवणे, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी घेणे, ही सारी कामे त्याचीच. घरमालक आणि भाडेकरू एकच असावा, तसा हा प्रकार. नळ गळू लागला की तक्रार स्वतःकडेच करायची!

असे लोक आता थोडे राहिलेले नाहीत. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर रीतसर बसत नाही. तेव्हा आठ-दहा वर्षांचा, परंतु हातपाय धड असलेला संगणक भंगारात घालावा की त्यावर लिनक्स घालावे, असा प्रश्न पुष्कळांपुढे आला. नवा घेण्याची ऐपत नसलेल्यांपुढे तर तोही आला नाही. माझा संगणक असाच दुसऱ्याच्या हातून आलेला असून त्यावर डेबियन आहे. लिनक्स फुकट मिळते हे सर्वांना ठाऊक असते. ते सांभाळण्यासाठी लागणारी माहिती कोठे शोधावी आणि मिळालेली माहिती धड आहे की नाही हे कसे ओळखावे, हे मात्र कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच.

इंग्रजीत या माहितीला डॉक्युमेंटेशन म्हणतात. त्याला ‘दस्तऐवज’ हा प्रतिशब्द मी वापरणार नाही. आमच्या गावात दस्तऐवज म्हटले की सातबारा आणि खरेदीखत डोळ्यांपुढे येते, आणि माणसे जपून बोलू लागतात. मी आपले ‘मॅन्युअल’ म्हणेन.

आमच्या घरी पिठाची गिरणी आहे. पट्टा सैल झाला की दगडांना टाकी लावायला झाली, हे वडील नुसत्या आवाजावरून सांगतात. ते त्यांना आजोबांनी शिकवले, आजोबांना कोणा मिस्त्रीने. मोटारीबरोबर आलेले मॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून देव्हाऱ्याच्या मागे ठेवलेले आहे. ते उघडल्याचे मला आठवत नाही. विद्या माणसाकडून माणसाकडे जायची, ही आमच्या घरची रीत. ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या विद्येचा जाणकार घरात नाही, आळीत नाही, ओळखीतही नाही, तेथे ती रीत थांबते. ज्याचा मामा इंजिनियर आहे त्याला अर्धेमुर्धे लिहिलेले मॅन्युअलही चालते. राहिलेले अर्धे तो मामाला फोनवर विचारतो. ज्याला विचारायला कोणी नाही, त्याला मात्र ते स्पष्टच असावे लागते. माझ्या मते मॅन्युअलची खरी परीक्षा या दुसऱ्या वाचकाकडूनच होते.

आता हे मॅन्युअल असते कोठे? पहिले उत्तर असे की ते संगणकाच्या पोटातच असते. लिनक्सचा आरंभ १९९१ साली लिनस टोरवाल्ड्‌स या हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केला. पण ज्या युनिक्सच्या धर्तीवर ते रचले गेले, त्याच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. बेल लॅबोरेटरीजमधील केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचे ते लेखन. प्रत्येक कमांडला स्वतंत्र पान आणि पानावरचे मथळे ठरलेले : नाव, रूपरेखा, वर्णन, संबंधित फायली, हेही पाहा. एक मथळा चक्क ‘दोष’ असा होता. आपल्या कामातील उणिवा आपणच छापून द्यायच्या! आणखी एक मथळा ‘मालक’ असा असे, म्हणजे या कमांडविषयी कोणाला विचारावे ते. आजच्या पानांवर मालक राहिलेला नाही, पण ‘दोष’ अजून पुष्कळ ठिकाणी भेटतो, आणि तो भेटला की त्या पानावरचा माझा विश्वास वाढतो.

ही पाने पाहण्याची कमांड म्हणजे ‘मॅन’. (कमांडची नावे मी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतात.) पाने आठ विभागांत वाटलेली असतात. पहिल्यात रोजच्या कमांड, पाचव्यात फायलींची रचना, आठव्यात व्यवस्थापकाची कामे. आपणांस बहुधा एवढे तीनच लागतात. विभागाचा आकडा माहीत नसला तर घोटाळा होतो. ‘पासडब्ल्यूडी’ हे नाव पहिल्या विभागात पासवर्ड बदलणाऱ्या कमांडचे आहे आणि पाचव्या विभागात एका फाईलचे. नुसते नाव दिले तर पहिल्याचे पान उघडते, आणि फाईलच्या शोधात आलेला माणूस चुकीच्या दारात उभा राहतो. नावच ठाऊक नसेल तर ‘अ‍ॅप्रोपोस’ या कमांडला एखादा शब्द द्यावा. तो शब्द ज्या पानांच्या एका ओळीच्या परिचयात असेल, त्या सर्वांची यादी ती देते. याखेरीज प्रत्येक पॅकेजचे एक कागदपत्रांचे फोल्डर असते, आणि त्यात कधीकधी ‘रीडमी डॉट डेबियन’ अशी एक छोटी फाईल सापडते. मूळ कार्यक्रमात डेबियनवाल्यांनी काय फेरफार केले, ते त्यात दोन-चार परिच्छेदांत सांगितलेले असते. फार थोडे लोक ती उघडतात. डेबियनच्या नियमावलीप्रमाणे प्रत्येक कार्यक्रमाबरोबर मॅनचे पान असावे लागते. नसेल तर तो दोष समजून कळवता येतो.

पण ही पाने वाचून डोके दुखते, अशी सर्वांची तक्रार असते. ती खरी आहे. कारण ती पाने शिकवण्यासाठी लिहिलेलीच नाहीत. संस्कृत घेतलेल्या मित्रमैत्रिणींना सूत्र आणि भाष्य यांतला भेद सांगायला नको. पाणिनीची सूत्रे पाठ असणाऱ्यालाही पतंजलीच्या भाष्यावाचून भागत नाही. मॅनचे पान हे सूत्र आहे : एकही शब्द जादा नाही, आणि प्रत्येक चिन्हाला अर्थ आहे. ‘रूपरेखा’ या मथळ्याखाली चौकटी कंसात असेल ते ऐच्छिक, उभ्या रेघेने तोडलेल्या दोहोंपैकी एकच घ्यायचे, आणि तीन टिंबे म्हणजे ते पुन्हा पुन्हा देता येते. एवढी तीन चिन्हे समजली की अर्धे पान उलगडते. हे तीन नियम कोणी पहिल्या दिवशी सांगितले, तर पुष्कळांचे महिने वाचतील.

डॅनिएले प्रोसिडा या गृहस्थांनी मॅन्युअलचे चार प्रकार पाडले आहेत : हात धरून शिकवणारे, एखादे काम कसे करावे ते सांगणारे, संदर्भासाठी असणारे आणि कारणमीमांसा करणारे. पुरणपोळीचे उदाहरण घेतले तर आईने शेजारी बसवून पहिली पोळी लाटून घेणे हा पहिला प्रकार. वहीत लिहिलेली कृती हा दुसरा. किती डाळीला किती गूळ याचा तक्ता हा तिसरा. आणि पुरण पातळ झाले की पोळी का फुटते याचा उलगडा हा चौथा. घोटाळा होतो तो आपण एकाच्या जागी दुसरे उघडतो म्हणून. शिकायला आलेल्याच्या हाती तक्ता दिला तर तो रडकुंडीला येईल, आणि जाणत्याला प्रमाण हवे असताना ‘प्रथम हात स्वच्छ धुवावेत’ येथून सुरुवात केली तर तो चिडेल. मॅनचे पान हा तक्ता आहे.

मागच्या सत्रात आमच्या खोलीत जे घडले ते येथे सविस्तर सांगण्यासारखे आहे. माझी रूममेट आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करते. दोन सुट्ट्यांत तिने त्या ध्वनिमुद्रित करून संगणकात ठेवल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. तिच्या संगणकात एक जादा हार्ड डिस्क होती, ती तिच्या भावाने काढून घरी नेली. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू होईना. दीड मिनिट तो कशाची तरी वाट पाही, आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘इमर्जन्सी मोड’ असे लिहून थांबे. बाजारातल्या एका दुकानदाराने पाहिल्याबरोबर सांगितले, फॉरमॅट मारावा लागेल. त्या आजी आता फारशा गात नाहीत. हिचा चेहरा उतरला.

वास्तविक पडद्यावरच पुढची पायरी लिहिलेली होती. रूट पासवर्ड देऊन आत या आणि ‘जर्नलसीटीएल’ ही कमांड चालवून नोंदी वाचा, असे ते यंत्र स्वतःच सांगत होते. आम्ही तसे केले. लाल अक्षरांतल्या ओळींत एक लांबलचक आकडा असलेले उपकरण वेळेत न सापडल्याची नोंद होती. तसाच आकडा ‘एफएसटॅब’ नावाच्या फाईलमध्ये मिळाला. इंटरनेट त्या अवस्थेत नव्हते. पण मॅनचे पान यंत्रातच असते. ‘मॅन एफएसटॅब’ म्हटले आणि पान उघडले. मॅनचे पान कसे असावे याचा तो उत्तम नमुना आहे, असे माझे मत त्या रात्री झाले. कोणती डिस्क कोठे जोडायची याची ही फाईल. तिच्या प्रत्येक ओळीत सहा रकाने असतात, आणि पान पहिल्यापासून सहाव्यापर्यंत क्रमाने एकेकाचा अर्थ सांगते. पहिला रकाना डिस्क कोणती, दुसरा ती कोठे जोडायची, तिसरा तिची रचना, चौथा अटी. चौथ्याच्या वर्णनात ‘नोफेल’ असा एक शब्द दिसला : उपकरण जागेवर नसेल तर त्याबद्दल त्रुटी दाखवू नये. तळाशी ‘हेही पाहा’ मध्ये दुसऱ्या पानांची नावे होती. तेथून पुढे जात सिस्टमडीच्या माऊंटविषयीच्या पानापाशी पोचलो, तेव्हा तोच शब्द घातला असता यंत्र त्या डिस्कसाठी अडून राहत नाही, हेही स्पष्ट झाले.

म्हणजे यंत्र बिघडलेलेच नव्हते. त्याला दिलेल्या यादीत एक नाव होते, ते माणूस हजर नव्हते, आणि आज्ञाधारक कारकुनाप्रमाणे ते दरवाजा अडवून बसले होते. फाईलची एक प्रत काढून ठेवली, चौथ्या रकान्यात तो शब्द लिहिला, संगणक पुन्हा सुरू केला. ओव्या होत्या तशा होत्या. ती प्रथम त्यांची प्रत पेनड्राइव्हवर काढायला बसली.

हे पान उपयोगी पडले ते केवळ स्पष्ट होते म्हणून नव्हे. ते त्या संगणकाचेच होते म्हणूनही. बाहेर शोधलेल्या माहितीचे असे नसते. तेथे पहिला प्रश्न तारखेचा. जुन्या लेखांत नेटवर्कसाठी ‘आयएफकॉन्फिग’ सांगितलेले असते. ते ज्या पॅकेजमध्ये येते, ते २०१७ च्या डेबियन ९ पासून नव्या संगणकावर आपोआप बसत नाही. ‘कमांड सापडली नाही’ असे उत्तर आले की नवखा माणूस समजतो, आपलेच काही चुकले. २०१५ च्या डेबियन ८ पासून सेवा सुरू-बंद करण्याची व्यवस्थाच बदलून सिस्टमडी आले. त्याआधीचे मार्गदर्शन आता इतिहास म्हणून वाचावे. १९९२ साली सुरू झालेल्या लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टने एका पिढीला लिनक्स शिकवले, हे त्यांचे उपकारच. पण त्यांच्या कित्येक मार्गदर्शिका आता जुन्या झाल्या आहेत. तारीख नसलेला लेख मी हल्ली वाचतच नाही.

दुसरा प्रश्न जातकुळीचा. डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च ही सारी लिनक्सच. पण पॅकेजांची नावे, आवृत्त्या आणि फायलींच्या जागा निरनिराळ्या. आर्चचे विकी इतके स्वच्छ लिहिलेले आहे की इतरांनीही ते समजून घेण्यासाठी अवश्य वाचावे. मात्र समजून घेणे वेगळे आणि तेथली कमांड उचलून आपल्या टर्मिनलवर टाकणे वेगळे. डेबियनच्या विकीवर ‘डेबियन मोडू नका’ अशा अर्थाच्या नावाचे एक पानच आहे. दुसरीकडची पॅकेजे डेबियनमध्ये मिसळून जो प्राणी तयार होतो त्याला तेथे ‘फ्रँकनडेबियन’ म्हटले आहे. नाव गमतीचे असले तरी तो प्राणी आवरणे गमतीचे नाही.

उलट, डेबियनची नवी आवृत्ती निघते तेव्हा तिच्याबरोबर निघणाऱ्या ‘रिलीज नोट्स’ हे मला आढळलेले फार प्रामाणिक लेखन आहे. काय नवे आहे याबरोबरच काय मोडेल, याचे त्यात वेगळे प्रकरण असते. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आले, तेव्हा तात्पुरत्या फायलींचे ‘टीएमपी’ हे फोल्डर आता डिस्कवर नसून मेमरीत राहील, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले. चार जीबी मेमरीच्या जुन्या संगणकावाल्याने हे वाक्य वाचलेले बरे.

मराठीपुरते एक उदाहरण देते. संगणकावर मराठी मजकूर उघडला की ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, असा अनुभव अनेकांना आहे. आपला पाकळीचा ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’ महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण मानला. पण संगणकाला तो निर्णय कोण वाचून दाखवणार? याविषयी शोधू गेले तर निम्मे लेख ‘अमुक फॉन्ट टाका’ एवढेच सांगून थांबतात. ‘अ‍ॅप्रोपोस’ला ‘फॉन्ट’ हा शब्द दिला तेव्हा ‘एफसी-लिस्ट’ आणि ‘एफसी-मॅच’ या कमांड सापडल्या. पहिलीला मराठीचे भाषाचिन्ह दिले की मराठी येणाऱ्या फॉन्टची यादी मिळते. दुसरीला दिले की त्यांतला कोणता फॉन्ट यंत्र आपण होऊन निवडते ते कळते. दुखणे कोठे आहे ते तेव्हा दिसले : फॉन्ट होता, निवड दुसऱ्याची होत होती. लोहित फॉन्टचे मराठीसाठी निराळे पॅकेज आहे, आणि निवडीचा क्रम बदलण्याची रीत पाचव्या विभागातल्या ‘फॉन्ट्स-कॉन्फ’ या पानावर आहे. ते पान मात्र कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. त्याला भाष्याची गरज आहे. टंकलेखनाचीही तीच कथा. ‘स्किम’ नावाच्या जुन्या साधनाविषयी लिहिलेले लेख अजून समोर येतात. आता आयबस घालून त्यात मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक निवडायचा, हे दोन ओळींचे काम त्यांच्या गर्दीत हरवते.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारण्याची सोय झाली आहे, आणि ती मराठीत उत्तर देते ही मोठीच गोष्ट. मॅनचे कठीण पान सोपे करून सांगायला मी तिची मदत घेते. परंतु अस्तित्वात नसलेला पर्यायही ती तितक्याच गोड भाषेत सांगू शकते. तिने दिलेला प्रत्येक पर्याय मॅनच्या पानावर आहे की नाही हे पाहिल्यावाचून, आणि विशेषतः ‘सुडो’ने सुरू होणारी ओळ समजल्यावाचून, एंटर दाबू नये. वाक्य कितीही सफाईदार असले तरी डिस्क आपली असते.

मॅनची मराठी पाने मी शोधली. मला मिळाली नाहीत. पडद्यावरच्या पाट्या बऱ्याच मराठीत झाल्या आहेत, पण अडचण आली की इंग्रजीच समोर येते. म्हणून मी एक दोनशे पानी वही घातली आहे. प्रत्येक कामाला एक पान : वर तारीख आणि डेबियनची आवृत्ती, मग काय करायचे होते, कोणत्या पानावर वाचले, कोणती फाईल बदलली, बदलण्यापूर्वी ती कशी होती, काम झाले हे कशावरून ओळखायचे, आणि उलटे फिरवायचे झाल्यास कसे. शेवटची दोन कलमे मला फारच थोड्या लेखांत आढळली. डेबियन १३ घातल्यावर वहीतल्या तीन पानांवर मी तिरपी रेघ मारून बाजूला नवी तारीख लिहिली.

सध्या ती वही तळमजल्यावरच्या एका मैत्रिणीकडे आहे. तिला प्रिंटर जोडायचा आहे. वापरायला हरकत नाही, पण त्या पानाखाली आपल्या प्रिंटरचे मॉडेल, आवृत्ती आणि जे निराळे करावे लागले ते लिहून परत करायची, एवढी अट मी घातली आहे.